गेमिंग लॅपटॉप आणि पस्तीस डिग्रीची थाप

"गेमिंग लॅपटॉप? नको रे बाबा, दोन वर्षांत मरतो."

हे वाक्य ज्याने कधी ऐकलं नाही असा आयटीवाला मला दाखवा, मी त्याला वडापाव खाऊ घालतो. कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, भाच्याच्या बारशात... विषय निघाला की कुणीतरी हे टाकतोच. टाकणारा हिंजवडीत नाहीतर खराडीत एसीखाली बसलेला असतो. त्याच्यासमोरचा लॅपटॉप कंपनीने दिलेला असतो आणि तीन-चार वर्षं झाली की सपोर्टवाले तो नेऊन नवीन देतात. म्हणजे लॅपटॉप म्हातारा होताना या माणसाने आयुष्यात पाहिलेला नाही, पण तो कधी मरतो हे याला पक्कं माहीत!

दुसऱ्या बाजूला दुकानातला पोरगा. "सर, मिलिटरी ग्रेड बॉडी आहे, डोळे झाकून घ्या." हा तर त्याच्याही वरचढ.

माझं म्हणणं असं की हे दोघेही सारखीच थाप मारतात. लॅपटॉप किती वर्षं चालेल हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठे चालेल, किती डिग्रीत, दिवसाला किती तास, आणि बिघडला तर तो उघडणारा माणूस किती लांब आहे, हे विचारल्याशिवाय वर्षांचा आकडा सांगणं म्हणजे मोटरसायकल न बघता तिचं ॲव्हरेज सांगणं. आणि बनवणाऱ्या कंपन्यांना हे सगळं पूर्ण माहीत असतं. त्या फक्त तुम्हाआम्हाला मोठ्या अक्षरांत सांगत नाहीत.

मला या विषयाचा एवढा कढ का, तर माझं गाव इस्लापूर. तालुका किनवट, जिल्हा नांदेड. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लाईनवरचं लहानसं स्टेशन. पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा ऐकला असेल तर आमचं गाव त्याच्या जवळचं. (ऐकला नसेल तर पावसाळ्यात एकदा जाऊन या. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये चार तास काढण्यापेक्षा बरं.) तिकडून मला दर उन्हाळ्यात फोन येतात. अकरावी-बारावी संपली की "दादा, इंजिनिअरिंगला कोणता लॅपटॉप घेऊ", आणि लग्नसराई जवळ आली की "दादा, एडिटिंगला कोणता घेऊ".

आता गंमत बघा. या फोन करणाऱ्यांपैकी गेम खेळणारा एखादाच. माझा मामेभाऊ लग्नाचं शूटिंग करतो. पूर्वी फोटो आणि व्हिडिओ कॅसेट एवढंच काम होतं. आता ड्रोन, फोर-के, प्री-वेडिंग (ते अर्थातच सहस्रकुंडला!), शिवाय रात्री लग्न लागलं की सकाळी व्हॉट्सॲपवर हायलाईट्स पाहिजेत. या कामाला ग्राफिक्स चिप लागते. आणि त्याच्या बजेटमध्ये ताकदवान ग्राफिक्स चिप मिळते ती गेमिंग लॅपटॉपमध्येच. म्हणून घ्यायचा तो लाल-निळे दिवे लागणारा लॅपटॉप. ८०-९० हजारांचा, हप्त्यावर. म्हणजे पुण्यातल्या पोराची ती चैन आणि इस्लापूरच्या पोराचं ते अवजार. हप्ते फिटायच्या आत अवजार बसलं तर पुढचा सीझन गेला.

तर आता त्या पस्तीस डिग्रीकडे वळू.

तुमच्या लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये, अगदी मागच्या पानांवर, वापरण्याचं तापमान दिलेलं असतं. ब्रँड कोणताही घ्या, बहुतेक ठिकाणी वरचा आकडा एकच सापडेल, ३५ अंश सेल्सिअस. हे खोलीचं तापमान बरं का, चिपचं नाही. त्याच्या वर कंपनी कुठलीही हमी देत नाही. आणि नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा दुपारी चाळिशीच्या पार असतो, ४२-४३ म्हणजे कुणी बातमीसुद्धा करत नाही. पत्र्याच्या खोलीत बसलात तर त्याहून जास्त. म्हणजे जे यंत्र ३५ च्या पुढे चालवू नका असं कंपनी स्वतः लिहिते, तेच यंत्र ती नांदेडच्या दुकानात ऐन उन्हाळ्यात ऑफर लावून विकते. खोक्यावर फ्रेम रेट किती, रंग किती कोटी, सगळं मोठ्या अक्षरांत. पस्तीसचा आकडा शोधायला मात्र भिंग घ्या.

याचा हिशोब शाळेतला आहे. पंखे पूर्ण वेगाने फिरत असताना चिप खोलीच्या तापमानापेक्षा जितकी वर जाते, तो फरक साधारण तेवढाच राहतो. समजा हापिसात खोली २५ आणि जोरात काम करताना चिप ८५, म्हणजे फरक ६० चा. आता तोच लॅपटॉप, तेच काम, खोली ४३. बेरीज १०३. लॅपटॉपमधल्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या आसपास असते. मग होतं काय? जळतो का? नाही! इथेच आपले कॅन्टीनवाले पंडित तोंडावर पडतात. चिप शहाणी असते, ती मर्यादेला टेकली की स्वतःचा वेग कमी करते. लॅपटॉप मरत नाही, मंदावतो. पुण्यात चाळीस मिनिटांत होणारं रेंडरिंग तिकडे जास्त वेळ खातं आणि तेवढा सगळा वेळ लॅपटॉप आपल्या कमाल तापमानाला चिकटून बसतो. म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे मोजले पूर्ण ताकदीचे, वापरायला मिळाली अर्धीमुर्धी, आणि झीज मात्र पूर्ण!

ही झीज चिपच्या आजूबाजूच्यांना लागते. पंख्याचं बेअरिंग, थर्मल पेस्ट, बोर्डावरचे कपॅसिटर, चार्जिंगची पिन आणि सगळ्यात आधी बॅटरी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ठोकताळाच तो, वेद नव्हे, आणि लॅपटॉपमधले सगळे कपॅसिटर त्या जातीचे नसतातही. पण दिशा कळते.

बॅटरीचं तर फारच वाईट. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम, अशा दोन्ही अवस्थांत एकत्र ठेवणं म्हणजे तिचा छळ. बॅटरीवाल्यांच्या कोष्टकांत हे आकडे वर्षानुवर्षं छापले जातात. २५ अंशांत पूर्ण भरून वर्षभर ठेवली तर साधारण ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांत ठेवली तर ६५ च्या आसपास. तीच ४० अंशांत पण चाळीस टक्केच भरून ठेवली तर ८५ उरते. म्हणून आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते आणि आपण शहाणे लोक सगळ्यांना ती चालू करायचा सल्ला देतो. मीही द्यायचो. मामेभावाने एका वाक्यात निकाल लावला, "दादा, लाईट कधी जाते ते सांगून जाते का?" ज्याच्याकडे दिवसातून तीनदा वीज जाते तो माणूस बॅटरी शंभरावरच ठेवणार. पुण्याचा सल्ला पुण्यात बरोबर.

बरं, लाईट गेल्यावर बॅटरी पुरते किती? विमानात १०० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी सहज नेता येत नाही, म्हणून कंपन्या लॅपटॉपमध्ये त्याहून मोठी बसवत नाहीत. गेमिंग लॅपटॉप जोरात चालला तर दीडशे वॅट सहज ओढेल. करा भागाकार. तासभरसुद्धा नाही. लाईट गेली की वेग खाली, चिप थंड. आली की वेग वर, चिप गरम. असं दिवसभर.

हे गरम-थंड, गरम-थंड फार घातक असतं आणि त्याचा एक मोठा इतिहास आहे, तो नवीन पोरांना माहीत नसतो म्हणून सांगतो. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की त्यांच्या लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप प्रमाणाबाहेर नादुरुस्त होताहेत आणि त्यासाठी त्यांनी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. दोष होता चिप आणि तिच्या पॅकेजला जोडणाऱ्या बारीक बारीक सांध्यांच्या मालमसाल्यात. तापून-निवून ते सांधे तडकत. डेल, एचपी, ॲपल, सगळ्यांच्या लॅपटॉपना त्याचा प्रसाद मिळाला. अमेरिकेत दावे झाले, २०१० मध्ये तडजोड झाली. पण त्या जाहीर निवेदनातली कारणं वाचण्यासारखी आहेत. मालमसाला कमजोर हे एक, लॅपटॉपची थंड ठेवण्याची रचना हे दुसरं, आणि तिसरं काय? गिऱ्हाईकाच्या वापराची पद्धत! म्हणजे गिऱ्हाईकाने लॅपटॉप चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. केवढा हा गुन्हा!

त्याच्या एक वर्ष आधी, २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या लाल दिव्याच्या भानगडीपायी अब्जाहून जास्त डॉलर बाजूला ठेवले आणि त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली. म्हणजे मनात आणलं, किंवा आणायला लावलं, की जमतं.

आता धूळ. आमच्याकडे काळी माती, ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा, मग कापूस. हे सगळं लॅपटॉपचे पंखे आत ओढतात आणि बारीक तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांवर त्याची घट्ट गादी बसते. मामेभावाचा लॅपटॉप एका दिवाळीत मी उघडला, आतून जे निघालं ते घोंगडीचा तुकडा म्हणून खपलं असतं. ब्रश आणि हवेचा पंप, अर्ध्या तासाचं काम. नवी पेस्ट धरून तास. त्याच कामानंतर तापमान बारा अंशांनी उतरलं. बारा! हे काम वर्षातून दोनदा करायला पाहिजे असं खोक्यावर कुठे लिहिलंय? उलट कित्येक लॅपटॉपच्या तळाला स्क्रूवर स्टिकर, फाडला तर वॉरंटीवरून हुज्जत. आणि ते करून घ्यायला अधिकृत केंद्र कुठे, तर नांदेडला. जाऊन-येऊन एक दिवस बुडतो. तिथे मामेभावाला (केंद्राचं नाव घेत नाही) एक पंखा खडखडतोय म्हटल्यावर सांगण्यात आलं की सुटा पंखा मिळत नाही, कूलिंगचा पूर्ण संच घ्यावा लागेल, मॉडेल जुनं आहे, मागवावा लागेल, येईलच असं नाही. लॅपटॉपचं वय तेव्हा साडेतीन वर्षं. शेवटी त्याच गावात एका रिपेअरवाल्याने मेलेल्या लॅपटॉपमधला पंखा काढून बसवून दिला. तो आजही फिरतोय.

मला राग येतो तो इथे. आमच्या भागात विहिरीवरची मोटर जळणं ही नवलाची गोष्ट नाही. व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो, मोटर जळते. पण मोटर जळली म्हणून कुणी फेकून देत नाही. तालुक्याच्या बाजारात नेतात, तिचं वायंडिंग पुन्हा भरतात, बेअरिंग बदलतात आणि ती पुन्हा पाण्यात सोडतात. तीच मोटर तीन-तीनदा भरलेली असते. कुणी विचारत नाही की "मोटर किती वर्षं टिकते". टिकते, कारण तांब्याची तार बाजारात मिळते आणि भरणारा कारागीर गावात असतो. लॅपटॉपचा पंखा हा त्या मोटरीपुढे चिलट. तो मिळत नाही म्हणून ९० हजारांचं यंत्र भंगारात जातं आणि आपण कॅन्टीनमध्ये म्हणतो, "बघ, सांगितलं होतं ना, गेमिंग लॅपटॉप टिकत नाहीत."

"मिलिटरी ग्रेड"चंही एकदा निपटून टाकू. हे ज्या मिल-एसटीडी-८१० वरून येतं ते अमेरिकन लष्कराचं चाचण्या कशा घ्याव्यात याचं पुस्तक आहे. त्यात दोन डझनांहून जास्त प्रकारच्या चाचण्या आहेत, त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते कंपनी ठरवते, आणि पास झालात म्हणून लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. टेबलावरून पडण्याची चाचणी घेतली आणि स्टिकर लावला, असंही चालतं. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली चार तास रेंडरिंग, ही चाचणी कुणी घेतल्याचं स्टिकर मला तरी दिसलेलं नाही.

सरकारी आघाडीवर काय? २०२२ च्या जुलैमध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरवली. ट्रॅक्टर त्यात आहे याचा आनंद आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कस्टमर केअरचा नंबर पोर्टलवर टाकला म्हणून पंखा इस्लापूरला पोचत नाही. युरोपने बघा, २०२३ साली बॅटरीचा नियम केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकायच्या अशा वस्तूंची बॅटरी गिऱ्हाईकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे आणि मॉडेल बाजारातून गेल्यावरही पाच वर्षं ती सुटी मिळाली पाहिजे. तोच कारखाना, तोच लॅपटॉप. मग आपल्याकडे पंखा, बॅटरी, अडॅप्टर आणि चार्जिंगची पिन, एवढे चार भाग सात वर्षं विकायची सक्ती का नको? आणि ३५ अंशांची ओळ खोक्यावर ठळक छापायची सक्ती का नको? सिगरेटच्या पाकिटावर छापता येतं, इथे काय धाड भरली आहे?

कंपन्या नाही म्हणतील यावर जाऊ नका. एकाच नावाची ग्राफिक्स चिप कुठे ८० वॅटवर तर कुठे १५० वॅटवर चालवून दोन्ही एकाच नावाने खपवायची चलाखी चालायची. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅटचा आकडा जाहीर करायला लावलाच की. ती ओरड गेम खेळणाऱ्यांनी केली होती, आणि त्यांचं म्हणणं नीट मोजून मांडलेलं होतं. आपल्यापैकी कितीजण अशी ओरड करू शकतात याचा विचार करा. आपण दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधतो आणि गावाकडच्या भावाला मात्र "ॲपलचा घे, टिकतो" सांगून फोन ठेवतो. त्याच्या मॅन्युअलमध्येही ३५ च आहे हो.

"मग डेस्कटॉप घे म्हणावं." हे येणारच. ज्याला हलायचं नाही त्याने खुशाल डेस्कटॉप घ्यावा, मीही तेच सांगतो. प्रत्येक भाग सुटा मिळतो, कोणीही उघडू शकतो. पण नांदेड-लातूरच्या होस्टेलवर राहणारं पोर डेस्कटॉप पाठीवर घेऊन फिरणार नाही आणि लग्नाच्या मांडवात डेस्कटॉप नेता येत नाही.

वर्षांचा आकडा पाहिजेच असेल तर माझा घ्या. रोज सात-आठ तासांचं जोरदार काम, नीट सांभाळलेला गेमिंग लॅपटॉप: सहा वर्षं. त्यात तिसऱ्या वर्षी बॅटरी आणि चौथ्या-पाचव्या वर्षी एखादा पंखा धरून चाला. तेच काम, धूळ कधी न काढता, मराठवाड्यात, गादीवर ठेवून: तिसऱ्या उन्हाळ्यात रडायला लागेल. मामेभावाचं सध्या सहावं वर्ष चालू आहे. तो एप्रिल ते जून दिवसा रेंडरिंग लावतच नाही, दिवसा फक्त कापाकापी आणि रात्री अकरानंतर रेंडर. "दुपारच्याला बैल बी सोडतेत की दादा," असं त्याचं स्पष्टीकरण. छोटा इन्व्हर्टर घेतल्यापासून चार्जिंगही ८० वर आणलंय. अर्थात रात्रभर जागायची किंमत तो मोजतो, कंपनी नाही. लग्नसराईत त्याचे डोळे बघवत नाहीत.

कूलिंग पॅडबद्दल तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, तर आत्ताच सांगतो. पॅड हवा फेकतो, ती खोलीतलीच. ४३ च्या खोलीत तो ४३ चीच हवा फेकणार. हजार-दीड हजार त्यात घालण्यापेक्षा लॅपटॉपची मागची बाजू दोन इंच उचलून खाली पुस्तक ठेवा, हवेच्या जाळ्या मोकळ्या राहतील असं, आणि उरलेल्या पैशांत ब्रश, पेस्टची ट्यूब आणि चांगला स्क्रूड्रायव्हर घ्या. खोलीत कूलर असेल तर त्याने खोलीचं तापमान उतरतं, फायदा होतो, पण त्याचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की कूलरच्या जाळीवर महिन्याभरात पांढरा थर चढतो.